डोंबिवलीहून एमडी करताय? आधी घरचं कॅलेंडर लावा

एमडीच्या पहिल्या वर्षातल्या एका पोस्ट-इमर्जन्सीच्या, म्हणजे रात्रभर इमर्जन्सी ड्युटी करून सुटल्यानंतरच्या, संध्याकाळी मी दादरला कसारा लोकल पकडली. बसायला खिडकी मिळाली आणि तिथेच घात झाला. डोळा उघडला तेव्हा बाहेर अंधार होता आणि फलाटावरच्या पाटीवर आसनगाव लिहिलेलं होतं. फोनवर सासूबाईंचे अकरा मिस्ड कॉल. दुपारी मी फोनवर सांगून बसले होते, "सातपर्यंत येते." दोन वर्षांची लेक "आई येतेय" या एका वाक्यावर साडेनऊपर्यंत दाराशी बसून होती आणि शेवटी तिथेच चटईवर झोपली होती.

माझ्या उशिराची घरच्यांना तोवर सवय झाली होती. त्रास व्हायचा तो दर वेळी अंदाज चुकण्याचा. पुढे तीन वर्षांत मी जी काही व्यवस्था लावली, ती सगळी या एका गोष्टीभोवती: घरच्यांना वेळ देता आला नाही तरी आजचा दिवस कोणत्या प्रकारचा आहे हे आदल्या दिवशी नक्की सांगता येतं.

मी मुंबईतल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजातून एमडी मेडिसिन केलं. सर्जरी, ऑर्थो, गायनॅकवाल्यांचे तास याहून वाईट असतात; स्किन, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजीवाल्यांचे बरेच बरे. आपापल्या ब्रँचप्रमाणे कमी-जास्त करून वाचा.

सीट लॉक करण्याआधी: रस्ता चालून बघा

नीट-पीजी या प्रवेश परीक्षेनंतर चॉइस फिलिंग करताना आपण कॉलेजचं नाव बघतो, ब्रँच बघतो, पेशंट लोड बघतो. पाठीमागे घर-संसार असेल तर आणखी एक रकाना वाढवा: घराच्या दारापासून वॉर्डाच्या दारापर्यंत किती मिनिटं. गूगल मॅपवर विसंबू नका. कामाच्या दिवशी एकदा पहाटे साडेपाचला आणि एकदा रात्री नऊला प्रत्यक्ष जाऊन-येऊन बघा.

डोंबिवलीहून केईएमला जायचं तर फास्टने दादर, मग स्लोने एक स्टेशन परळ, पुढे पायी. सायनला जायचं तर फास्ट तिथे थांबत नाही, कुर्ल्याला उतरून स्लो घ्यायची. जेजेला भायखळा सोयीचं, तिथे फास्ट थांबते. नायरसाठी दादरला पुलावरून पश्चिम रेल्वेवर जाऊन मुंबई सेंट्रल. आणि कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला लागून असलेलं राजीव गांधी मेडिकल कॉलेज डोंबिवलीपासून चार स्टेशनांवर आहे, हे आपल्याकडच्या पोरांच्या यादीत बऱ्याचदा फार खाली असतं. तिथे हवी ती ब्रँच मिळत असेल तर नावाच्या मोहात पडण्याआधी दोन दिवस विचार करा.

माझा हिशोब असा होता: रिक्षाने स्टेशन १२ मिनिटं, फलाटावर ८, फास्टने दादर ५०, गाडी बदलायला १२, शेवटचं चालणं १३. एकूण ९५ मिनिटं. जाऊन-येऊन ३ तास १० मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १९ तास. हे १९ तास झोपेतून जातात, दुसरीकडून कुठून येणार?

त्याच फेरीत वॉर्डातल्या सेकंड इयरला गाठून तीन प्रश्न विचारा. युनिटची इमर्जन्सी किती दिवसांनी येते? पोस्ट-इमर्जन्सीला हाऊसमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, साधारण किती वाजता सुटतो? होस्टेलची खोली किती जणांत? कॉलेजच्या ऑफिसात या प्रश्नांची उत्तरं मिळतात ती कागदावरची. कागदावर तसं पुष्कळ आहे. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) मानसिक आरोग्यावरच्या टास्क फोर्सने ७४ तासांची मर्यादा सुचवली. प्रत्यक्षात किती, ते तो डोळे तारवटलेला सेकंड इयरच सांगेल.

रुजू होण्याआधीचे पंधरा दिवस: घरातली बैठक

ही बैठक जेवणाच्या ताटावर उरकू नका. नवरा, सासू-सासरे किंवा आई-बाबा, जे कोणी मूल सांभाळणार ते सगळे बसवा आणि चार गोष्टी ठरवा.

मूल कोण सांभाळणार, आणि तो माणूस आजारी पडला तर कोण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे पहिली फळी सासूबाईंची आणि दुसरी आमच्याच सोसायटीतल्या पाळणाघराची. लेकीला महिन्यातून दोन-चार दिवस मुद्दाम पाळणाघरात पाठवायचो, घरी सगळे धडधाकट असतानाही. सासूबाईंना डेंग्यू झाला तेव्हा पोरगी त्या काकूंना ओळखत होती म्हणून निभावलं.

मुलाचा डॉक्टर कोण. तुम्ही नाही. डोंबिवलीतच एक बालरोगतज्ज्ञ ठरवा आणि ताप आला की घरचे तुम्हाला न विचारता तिकडे जातील असं सांगून ठेवा. फोनवर "रॅश कसला आहे, फोटो पाठवा" करत बसलात तर इकडे वॉर्डातला पेशंटही धड बघून होत नाही आणि तिकडे पोरही.

तिसरं, तातडीचा फोन कसा करायचा. राउंड चालू असताना फोन उचलता येत नाही. आमचा नियम: एक मिस्ड कॉल म्हणजे सवडीने कर, लागोपाठ तीन म्हणजे राउंड सोडून बाहेर ये. तीन वर्षांत तीन वेळा लागोपाठचा कॉल फक्त दोनदा आला. घरचे फार समजूतदार असतात, त्यांना नियम नीट सांगितलेला असला की.

चौथं म्हणजे फ्रिजवरचं कॅलेंडर. ड्युटी लिस्ट हातात आली की त्याच रात्री रंग भरायचे. लाल म्हणजे इमर्जन्सी, मी येणार नाही. पिवळा म्हणजे पोस्ट-इमर्जन्सी, मी येईन पण मला काही विचारू नका. हिरवा म्हणजे साधा दिवस, मी येईन, वेळ सांगणार नाही. वीकली ऑफ कोरा सोडायचा, कारण तो मिळेल तेव्हा खरा. दुसऱ्या वर्षी लेक स्वतः रंग भरायला लागली आणि लाल खडू सगळ्यात आधी संपतो हे तिच्याच लक्षात आलं.

याला जोडून एक बारीक नियम: "निघते" असा मेसेज कधीही करायचा नाही. वॉर्डातून निघताना दाराशीच एखादा रेफरन्स (दुसऱ्या विभागाने बघायला सांगितलेला पेशंट) येतो, जिन्यात सर भेटतात. दादरहून गाडी सुटली की "गाडीत बसले" एवढंच लिहायचं. तिथून पुढचा अंदाज मध्य रेल्वेवर. आसनगाव प्रकरणानंतर सासूबाईच म्हणाल्या होत्या, "अगं, किती वाजता येशील ते सांगूच नकोस. जेवायला आहेस की नाहीस, एवढं सांग."

पहिलं वर्ष: रोज अप-डाऊन करू नका

यावर माझं मत पक्कं आहे आणि ते मी चार महिने उलटं वागून कमावलेलं आहे. हाऊसमनला सातला वॉर्डात असावं लागतं. सकाळची ब्लड कलेक्शन, रिपोर्ट, आठच्या राउंडची तयारी. म्हणजे पहाटे पावणेपाचला उठून पाच-वीसच्या सुमाराची गाडी. रात्री घरी यायला दहा. मूल तुम्हाला दोन्ही वेळा झोपलेलंच दिसतं. अशा घरी जाण्याने तुमचा अपराधीपणा तेवढा कमी होतो, मुलाच्या पदरात काही पडत नाही.

एनएमसीच्या २०२३ च्या पीजी नियमावलीप्रमाणे होस्टेल देणं कॉलेजला बंधनकारक आहे, त्यात राहणं तुम्हाला बंधनकारक नाही. तेव्हा खोली घ्या, सोडू नका. एका खोलीत तिघे-चौघे असले, पंखा खडखडत असला तरी घ्या. पाचव्या महिन्यापासून मी आठवड्यातल्या तीन रात्री घरी आणि बाकीच्या होस्टेलवर असं ठरवलं. घरच्या तीन रात्रींसाठी जमेल त्या दिवशी सहापर्यंत सुटायचा प्रयत्न करायचा. सहकाऱ्याशी अदलाबदल: आज मी लवकर जाते, उद्या तुझे डिस्चार्ज मी लिहिते. लेकीला आठवड्यात तीन संध्याकाळी जागी, खेळणारी आई मिळायला लागली. आधी सातही रात्री नुसती घोरणारी आई मिळत होती.

होस्टेलवरच्या रात्रींसाठी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून टाकू नका, ती पाळली जात नाही. मी पाच-सहा मिनिटांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचे: चिऊ-काऊ, म्हातारी आणि भोपळा, जे सुचेल ते. नवरा झोपताना लावायचा. चल रे भोपळ्याचे तीन वेगवेगळे शेवट अजून घरच्या फोनमध्ये आहेत, कारण एकदा मी सांगता सांगता झोपले होते.

आणि ज्यांना खोली मिळत नाही किंवा अगदी तान्हं मूल आहे म्हणून रोज घरी जावंच लागतं, त्यांनी सहा महिन्यांसाठी परळ-दादर-सायनच्या आसपास एखाद्या नातेवाइकाची खोली, पेइंग गेस्ट, दोघी-तिघींत भाड्याचा फ्लॅट यांतलं काय परवडतं ते बघावं. स्टायपेंडचा मोठा भाग त्यात जाईल. जाऊ द्या.

पोस्ट-इमर्जन्सीचा प्रवास

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग छापला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढासळतो. २४ तासांनंतर तो ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला येतो. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. इमर्जन्सीहून सुटलेला रेसिडेंट हिशोबाने त्या मर्यादेच्या तिप्पट 'प्यालेला' असतो आणि त्याला कोणी नाकाबंदीवर अडवत नाही.

म्हणून स्टेशनवर ठेवलेली स्कूटर पिवळ्या दिवशी हातात घ्यायची नाही. रिक्षा करा, किंवा नवऱ्याला न्यायला बोलवा. कारने मुंबईहून डोंबिवली गाठायचा विचारही नको.

सुटल्या सुटल्या स्टेशनकडे पळू नका. होस्टेलवर दीड-दोन तास आडवं व्हा, अंघोळ करा, मग निघा. गर्दीच्या फास्टमध्ये शिरायचं नाही. २०१९ पासून परळहून सुटणाऱ्या स्लो लोकल आहेत. परळलाच रिकाम्या गाडीत बसायला मिळतं. वेळ जास्त लागतो, पण उभं राहून पेंगत दारातल्या दांड्याला लोंबकळण्यापेक्षा बरं. डोंबिवली किंवा कल्याणला संपणारी गाडी निवडा, कसारा-कर्जत नको. झोप लागली तरी फार लांब जाणार नाही. शिवाय अलार्म व्हायब्रेशनवर लावून फोन हातात ठेवा. शेजारच्या बाईला "डोंबिवली आली की उठवा हं" सांगायला मी लाजायचे. लाजू नका, लेडीज डब्यात हे काम कोणीही आनंदाने करतं आणि वर निम्मा वडापावही देतं.

रात्री साधारण एक ते चार लोकल नसतात. बाराच्या पुढे सुटलात तर घरी जायचं नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दारातून आत येताना

मेडिसिनच्या वॉर्डात टीबी रोजचा, त्यातले काही एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. एप्रन घरी नेणं मी दुसऱ्या महिन्यात बंद केलं. एप्रन आणि वॉर्डातली चप्पल होस्टेलवर, धुणं तिथल्या धोब्याकडे. ज्यांना न्यावाच लागतो त्यांनी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा आणि घरच्या कपड्यांत मिसळू नये. स्टेथोस्कोप स्पिरिटने पुसा. संशयित टीबीच्या पेशंटजवळ एन-९५ घाला. सिनियर हसले तर हसू द्या, त्यांना घरी दोन वर्षांचं पोर नाही.

लेक धावत येते तेव्हा तिला थांबवणं जड जातं. त्यावर आम्ही खेळ केला होता: दारात आई "भूत" असते, न्हाणीघरातून बाहेर आली की आई होते. अंघोळ, कपडे बदलणं, मगच उचलून घेणं. दोन आठवड्यांत तिला त्याची इतकी सवय झाली की पाहुण्यांनाही न्हाणीघराकडे ढकलायला लागली.

खाण्याचं एक सांगते. रेसिडेंटचा डबा दुपारी चारला उघडतो, त्यामुळे भात-आमटी घेऊ नका. दशम्या, पराठे, कोरडी भाजी, शेंगदाण्याचे लाडू, गूळ-फुटाणे. एप्रनच्या खिशात राजगिऱ्याचा लाडू कायम. बाकी कॅन्टीनचा चहा आहेच.

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी

माझी लेक तोवर मोठी झाली होती, पण बॅचमेटचा मुलगा सात महिन्यांचा होता. ती दूध काढून नेत असे. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. मुंबईच्या हवेत तो भरवसा धरू नका. गोठवलेले बर्फाचे पॅक घातलेली इन्सुलेटेड पिशवी घ्या, त्यात प्रवासात २४ तासांपर्यंत चालतं. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायचं झालं तर सिस्टरांना विचारून, डब्यावर नाव-तारीख घालून. दूध काढायला जागा मागताना संकोच वाटला तर एवढं लक्षात ठेवा की आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये याच शहरात, सायन रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. एका खोलीची मागणी जगावेगळी नाही.

बाळंतपण रेसिडेन्सीत येणार असेल तर रजेचा हिशोब आधी करा. २०२३ च्या नियमावलीत वर्षाला २० किरकोळ रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा, कामाच्या सोयीने वीकली ऑफ आणि सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा आहे. नवऱ्याला, तोही रेसिडेंट असेल तर, १५ दिवस पितृत्व रजा. मंजूर दिवसांहून जास्त रजा झाली की टर्म तेवढे दिवस वाढते, आणि ८० टक्के हजेरी भरावी लागते. टर्म लांबली तर परीक्षेची खेप बदलू शकते. अर्ज करताना हे डिपार्टमेंटकडून लेखी घ्या. तोंडी "बघू नंतर" म्हणणारे हेड तोपर्यंत निवृत्त झालेले असतात.

सण, पाऊस आणि अदलाबदल

ड्युटी लिस्ट महिनाअखेरीस बनते आणि ती बनवणारा रजिस्ट्रार, म्हणजे युनिटमधला सिनियर रेसिडेंट, हाही थकलेला माणूसच असतो. त्याच्याकडे शेवटच्या दिवशी रडत गेलात तर काही मिळत नाही. वीस तारखेच्या आत जा, एकच दिवस मागा आणि बदल्यात काय देणार ते आधी सांगा. माझा सौदा ठरलेला होता: दिवाळीची इमर्जन्सी मी घेते, मला गणपतीचे दीड दिवस द्या. युनिटमध्ये उत्तरेकडची मुलं असतात, त्यांना दिवाळी आणि छठ हवी असते. केरळच्या मुलीला ओणम हवा असतो. गणपतीवर हक्क सांगणारे तुम्ही दोघं-तिघंच. मुंबईच्या वॉर्डात सगळ्या देशाचं पंचांग असतं, त्याचा फायदा घ्या. तीन वर्षं दिवाळी वॉर्डात गेली. घरच्या दिवाळीला आम्ही भाऊबीजेनंतरच्या रविवारी बसलो, फराळ तसाही जास्त मुरलेला असतो.

पावसाळ्यासाठी कॅलेंडरवर आणखी एक खूण. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ते निळ्या पेनने मांडून ठेवा. त्या दिवशी मुसळधार असेल तर सायन-कुर्ल्याचे रूळ आणि दादरजवळचं हिंदमाता दोन्ही पाण्याखाली जाण्याची तयारी ठेवा, घरी जायचा हट्ट धरू नका. होस्टेलच्या कपाटात दोन दिवसांचे कपडे, रोजच्या गोळ्या, चार्जर कायम. रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी बघायचं, नाहीतर एकुलता वीकली ऑफ फलाटावर जातो.

घरात भांडणं होतील. आमची दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये झाली, आणि नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं: तो इतके दिवस एकट्याने पालक होता आणि कौतुक माझं होत होतं. आम्ही त्याचाही एक "लाल" दिवस ठरवला, महिन्यातून एक रविवार तो ट्रेकला जाणार, मी घरी. त्या रविवारसाठी मी दोन इमर्जन्सी जास्तीच्या केल्यात. झोप, भूक, रडू यांचं गणित आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर थीसिस बाजूला ठेवून कोणाला तरी सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

थीसिस, डीआरपी आणि पास

लोकलमध्ये अभ्यास होतो ही दंतकथा आहे. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये पुस्तक उघडायला कोपर हलवावं लागतं आणि तेवढी जागा नसते. ऐकण्यासारखं असेल ते कानात लावा. लिहिण्याचं काम होस्टेलच्या रात्रींवर टाका. थीसिसचा प्रोटोकॉल (आराखडा) पहिल्या सहा महिन्यांत द्यायचा असतो, थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी. तेव्हा विषय असा निवडा, ज्याचे पेशंट तुमच्याच वॉर्डात किंवा ओपीडीत येतात. दर शनिवारी फॉलोअपसाठी दुसऱ्या इमारतीत बसावं लागणारा विषय घरच्या शनिवारवर पडतो. बीसीबीआर, म्हणजे संशोधनपद्धतीचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स, पहिल्याच वर्षी उरकून टाका.

तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिन्यांची डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) येते, जिल्हा रुग्णालयात. पोस्टिंग कुठे पडतंय हे कळताच कॅलेंडर नव्याने लावा. तास बहुतेक ठिकाणी माणसासारखे असतात, जागा असेल तर मुलाला काही आठवडे सोबत न्या. माझी लेक त्या तीन महिन्यांत दोन चाकांची सायकल शिकली आणि ते मी समोर उभी राहून पाहिलं.

आणि रेल्वेचा वार्षिक पास काढू नका, स्वस्त पडत असला तरी. होस्टेलच्या रात्री, डीआरपीचे महिने आणि परीक्षेआधीची रजा धरली तर तो निम्मा वाया जातो. त्रैमासिक काढा, तोही ड्युटी लिस्ट लागल्यावर.